पहिली चिठ्ठी

१९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर या शल्यवैद्यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी केली. मुलगी वाचली. पण त्यानंतर कोणा वैद्याने त्यांच्याकडे दुसरा रोगी धाडलाच नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असतो, अशी तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती. ही शस्त्रक्रिया पुन्हा यशस्वी व्हावयास १९४८ उजाडले. २३ वर्षे हात तयार होता. चिठ्ठी मिळाली नाही.

आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ही विद्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे ऐन गिरणगावात, रुजवली. १९६० साली अमेरिकेत स्टार यांनी कृत्रिम झडप बसवली. १९९० साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत देशी झडप बसली. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. हात आला, झडप आली, पैशाची वाटही बरीच मोकळी झाली. उरली ती गावच्या डॉक्टरची चिठ्ठी.

ती केव्हा लिहावी? घशाच्या दुखण्यामागून येणारा, सांधे धरणारा ताप उतरतो. सांधे बरे होतात, झडप मात्र पुढे आखडत जाते. सरसगड चढणारा माणूस पालीच्या बाजारपेठेत दम खाऊ लागला, रात्री दोन उशा लागू लागल्या, पाय सुजले, चालता चालता घेरी आली, गरोदर बाईस नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर टॉनिकवर महिना काढू नये. छातीत ठोक्यांच्या मधे नवा आवाज ऐकू आला, तर त्रास नसतानाही इको तपासणीस धाडावे. महाधमनीची झडप फार अरुंद होऊन त्रास सुरू झाला, की उपायावाचून बहुधा दोन-तीन वर्षेच हाती उरतात. गोळ्यांनी सूज उतरते. दार उघडत नाही.

कामगारांत वावरताना आम्ही पाहिले आहे, की धाप लागणाऱ्या गड्यास मुकादम कामचुकार म्हणतो. आम्हीही कधी ते खरे मानले, ही आमची चूक. संघटनेत आम्ही एवढे शिकलो, की मुदत टळल्यावर वर गेलेल्या तक्रारीचा निकाल कितीही चांगला लागला, तरी तो घ्यावयास माणूस उरत नाही.