परवाना लिहून देणारा डॉक्टर

महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने आजही परवाना लागतो. नमुना एफ.एल. दहा-सी. परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारू नये. पण हा परवाना शौकासाठी मिळत नाही, 'आरोग्याच्या जतनासाठी' मिळतो. हा 'आरोग्य' शब्द तिथे कसा आला, याला इतिहास आहे.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. या कायद्याला पिणारी माणसं मुख्यतः दोन प्रकारची दिसत होती: परवाना असलेली आणि गुन्हेगार. पिणं सुटत नाही म्हणून मदत हवी असलेला तिसरा माणूस त्याला जवळजवळ दिसलाच नाही. डॉक्टर मात्र या व्यवस्थेत होता. त्याचं काम दारू सोडवण्याचं नव्हतं; अमक्याच्या प्रकृतीला दारू आवश्यक आहे, असं लिहून देण्याचं होतं.

कायद्याला लगेच आव्हान मिळालं. एफ. एन. बलसारा यांनी व्हिस्की, ब्रँडीपासून ऑ द कलोनपर्यंत सगळं बाळगण्याचा हक्क मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१मध्ये कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं त्यातून सोडवली. मग व्हायचं तेच झालं. त्याच सुमारास मुंबईतल्या एका परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने माणसांना धडक दिली. तोंडाला दारूचा वास येत होता. साहेबांचं म्हणणं, आपण 'बी. जी. फॉस' नावाचं टॉनिक घेतलं होतं. हा पेसिकाका खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दारू प्यायल्याच्या आरोपातून ते सुटले. पुराव्याचा भार कोणावर, यासाठी वकील हा निकाल अजून वाचतात. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्याला वकील आणि डॉक्टर परवडत होते, त्याच्यासाठी या दारूबंदीला बऱ्याच खिडक्या होत्या.

ज्याला परवडत नव्हते तो हातभट्टीकडे गेला. मुंबईतले 'आंटी'चे अड्डे, वरदराजन मुदलियारचं साम्राज्य, हे सगळं त्याच काळातलं पीक. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने नियम सैल केले. कायदा मात्र रद्द झाला नाही. १९६०मध्ये राज्य विभागलं गेलं तेव्हा गुजरातनेही हाच कायदा उचलला. तिथे आरोग्य परवान्यासाठी अजून वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागतं. आपल्याकडे तपासणी गळाली, शब्द राहिला.

व्यसनी माणूस 'रुग्ण' म्हणून कायद्यात आला तो दारूच्या वाटेने नव्हे, ब्राउन शुगरच्या. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात सेवनाला शिक्षा होती, पण न्यायालयाला व्यसनी आरोपीला त्याच्या संमतीने उपचारासाठी पाठवता येऊ लागलं आणि सरकारला उपचार केंद्रं उघडायची मुभा मिळाली. १९८९मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला काही अटींवर खटल्यातून सूट देणारं कलम आलं.

कलमं कागदावर होती. खाटा कुठे होत्या? पुण्यात तेव्हा 'गर्द' पोरांना गिळत होतं. अनिल अवचट त्यावर लिहीत होते, डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ला त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. जागा सरकारी, पैसा लेखकाचा. गर्दसाठी काढलेल्या या केंद्रात दारूचे रुग्णही येऊ लागले. बरे झालेले रुग्ण समुपदेशक झाले, बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. घरातल्या बाईकडे १९४९च्या कायद्याने पाहिलंही नव्हतं. तिला इथे बसायला खुर्ची मिळाली, हे मला औषधांपेक्षा मोठं वाटतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. त्यामुळे असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्रांना नोंदणी आणि रुग्णहक्कांचे नियम लागू झाले. हा कायदा आरोग्य खात्याच्या अखत्यारीत. व्यसनमुक्तीची अनुदानं मात्र सामाजिक न्याय विभागाकडे, आणि आरोग्याच्या जतनासाठी दिलेला तो परवाना अजून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या खिडकीवरच मिळतो.