बंद कवटीतली गाठ आणि रोग्याची हकिकत

नांदेड जिल्ह्यातील मुखेड हे लातूरच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. सर्पदंशावरील उपचारांमुळे, विशेषतः डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे, या गावाचे नाव दूरवर माहीत झाले आहे. साप चावला की बहुतेक वेळा दंशाची खूण दिसते, साप कोणीतरी पाहिलेला असतो, घरचे लोक धावपळ करतात. मेंदूत वाढणाऱ्या गाठीचे तसे नाही. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. आत काय चालले आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. 'सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते आणि ओकारी होते' असे मूल सांगते, तेव्हा घरात कोणी पित्त म्हणतो, कोणी नजर लागली म्हणतो, कोणी शाळा चुकवण्याचा बहाणा म्हणतो. आकडी आली तर कांदा हुंगवतात, देवऋष्याकडे नेतात.

मेंदूच्या गाठीचा इतिहास सांगताना बहुधा शस्त्रक्रियांच्या तारखा आणि यंत्रांची नावे सांगितली जातात. ती आम्हीही सांगणार आहोत. परंतु या इतिहासात रोग्याच्या बोलण्याला जेवढे स्थान आहे, तेवढे फार थोड्या रोगांच्या इतिहासात असेल. डॉक्टरांना गाठीची जागा सापडली ती रोग्याच्या सांगण्यावरून, आणि सामान्य लोकांना या रोगाविषयी कुतूहल वाटू लागले तेही रोग्यांच्या हकिकतींमुळेच.

25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमधील एका रुग्णालयात 25 वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडण्यात आली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. बाहेरून गाठीची काहीही खूण नव्हती. (ग्लासगोच्या मॅक्ईवेन यांनी 1879 सालीच मेंदूच्या आवरणातील गाठ काढली होती, पण तेथे डोळ्यावर सूज दिसत होती.) या तरुणाने एवढेच सांगितले होते, की प्रथम चेहऱ्याच्या आणि जिभेच्या डाव्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या, पुढे झटके येऊ लागले, मग डावा हात दुबळा झाला. डॉ. ह्यूज बेनेट यांनी हा क्रम ऐकला आणि तो डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह लावून तयार केलेल्या नकाशाशी ताडून पाहिला. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूची हालचाल सांभाळते. म्हणजे गाठ उजवीकडे, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यात असणार! शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी तेथे कवटी उघडली. मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ नेहमीसारखा दिसत होता. थोडा छेद दिल्यावर आत अक्रोडाएवढी गाठ सापडली, अगदी सांगितलेल्या जागी.

रोगी शुद्धीवर आला, त्याची डोकेदुखी थांबली. मात्र जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो मरण पावला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक लिस्टर हे गॉडली यांचे मामा, ही या कथेतील दैवाची चेष्टाच म्हणावी लागेल.

रोगी जिवंत असतानाच, 16 डिसेंबर रोजी, 'टाइम्स' या दैनिकात एक निनावी पत्र आले. प्राण्यांवरील प्रयोगांमुळेच हा माणूस वाचला, असा त्याचा सूर होता. याच प्रयोगांवरून फेरियर यांच्यावर 1881 साली खटला भरला गेला होता आणि ते निर्दोष सुटले होते. पत्राला उत्तरे आली, उत्तरांना प्रत्युत्तरे आली. रोगी मरण पावल्यावर विरोधकांना जोर चढला. मेंदूतील गाठ हा विषय वर्तमानपत्राच्या वाचकांपर्यंत गेला तो असा, भांडणाच्या रूपाने. त्या गदारोळात रोग्याचे स्वतःचे म्हणणे कोणी छापले नाही. हकिकत त्याची, पण ती सांगितली इतरांनी.

या शस्त्रक्रियेत भूल क्लोरोफॉर्मची होती. मुखेडच्या वाचकांना सांगण्याजोगी गोष्ट अशी, की क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे याची तपासणी करणारे दोन आयोग 1888 आणि 1889 साली नेमले गेले ते हैदराबादला, निजामाच्या आश्रयाने. आणि त्या वेळी नांदेड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, तो भाग वेगळा.

रोग्याचे सांगणे म्हणजे केवळ दुखणे नव्हे, हे 1928 साली फार वेदनादायक रीतीने स्पष्ट झाले. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांना स्वतःच्या बहिणीच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. उजव्या बाजूचा, कपाळामागचा मोठा भाग काढावा लागला. बहीण घरी परतली, बोलणे-चालणे ठीक, स्मरण ठीक. सुमारे सव्वा वर्षाने तिने भावासाठी आणि घरच्या चार माणसांसाठी जेवण करायचे ठरवले. हे पदार्थ तिने पूर्वी कितीदा तरी केलेले. भाऊ आला तेव्हा सारे सामान मांडलेले होते, एक-दोन वस्तू चुलीवर होत्या, पण बाकीचे सुरूच झाले नव्हते आणि ती गोंधळून रडकुंडीला आली होती. एकेक पदार्थ तिला येत होता. आधी काय, नंतर काय, हे मात्र जुळवता येत नव्हते. पाच माणसांचा स्वयंपाक एकाच वेळी पानावर वाढणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला हे कार्य किती अवघड आहे ते समजावून सांगायला नको. पेनफिल्ड यांनी 1935 साली ही हकिकत 'ब्रेन' या नियतकालिकात शास्त्रीय निरीक्षण म्हणून मांडली. कपाळामागचा मेंदू योजना आखतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य अशा निरीक्षणांतून आलेले आहे.

याच पेनफिल्ड यांच्या हाताखाली भारतातील पहिल्या पिढीचे काही मेंदूशल्यविशारद शिकले. जेकब चांडी यांनी 1949 साली वेल्लोरला विभाग सुरू केला, मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी काम उभे केले.

आता त्या रोग्याकडे येऊ, ज्याने स्वतःची हकिकत स्वतःच लिहिली. फ्रिजेश कारिंथी हा हंगेरीचा लोकप्रिय विनोदी लेखक. मार्च 1936 मध्ये एका संध्याकाळी तो बुडापेस्टमधील नेहमीच्या कॉफीगृहात बसला असता त्याला आगगाडी धडधडत गेल्याचा आवाज आला. त्याने मान वर करून पाहिले. त्या रस्त्यावर आगगाडी नव्हतीच! थोड्या वेळाने दुसरी गाडी गेली, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. पुढे डोकेदुखी, ओकाऱ्या, चालताना तोल जाणे असे सुरू झाले. अखेर नेत्रतज्ज्ञाने डोळ्याच्या आतला पडदा तपासला. दृष्टिचेता जेथे डोळ्यात शिरते तेथे सूज होती. कवटीतील दाब वाढला की तो या चेतेवाटे डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून डोळा ही या बंद पेटीची एकमेव खिडकी आहे. ती उघडणारे साधन हेल्महोल्ट्झ यांनी 1851 सालीच दिले होते.

स्टॉकहोम येथे हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांनी मे महिन्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, तीही केवळ जागेवर भूल देऊन. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे हे शक्य होते. कारिंथी पालथा पडून आपल्याच कवटीला भोक पाडणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकत होता. गाठ लहान मेंदूत होती आणि कर्करोगाची नव्हती, ती निघाली. मायदेशी परतल्यावर त्याने सगळे लिहून काढले. 1937 साली 'माझ्या कवटीभोवतीचा प्रवास' अशा अर्थाचे शीर्षक असलेले पुस्तक आले, दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. पुस्तकात तो डॉक्टरांची थट्टा करतो, स्वतःची तर अधिकच करतो, पण निरीक्षण कोठेही सैल होऊ देत नाही. म्हणूनच डॉक्टर मंडळी अजूनही ते वाचतात. कारिंथी 1938 च्या ऑगस्टमध्ये पक्षाघाताने वारला.

1949 साली अमेरिकन पत्रकार जॉन गंथर यांनी सतराव्या वर्षी गेलेल्या आपल्या मुलाची हकिकत लिहिली; तीही फार वाचली गेली. मराठीत मूत्रपिंडरोपणाच्या अनुभवावर पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी' आहे.

आपल्याकडे 'ट्यूमर' हा शब्द ऐकला की लोक कर्करोगच धरून चालतात. शब्दाचा अर्थ फक्त गाठ. मुंबईचे होमी दस्तूर आणि ए. डी. देसाई यांनी 1965 साली 'ब्रेन' मध्येच एक निबंध लिहिला. त्यात मेंदूच्या पेशींपासून वाढलेल्या गाठींचे 107 रोगी आणि क्षयरोगाने झालेल्या गाठींचे 107 रोगी यांची तुलना होती. युरोपात तोपर्यंत क्षयाची गाठ दुर्मिळ झाली होती. आपल्या रुग्णालयांत ती नित्याची होती. डुकरातील फीतकृमीची अंडी अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात गेल्यानेही मेंदूत बुडबुड्यासारखी गाठ होते आणि फिट येते. या दोन्ही गाठी बहुधा औषधांनी बऱ्या होतात. म्हणजे फिट आल्यावर 'आता काही उपयोग नाही' म्हणून घरी बसवलेल्या माणसाचा रोग कदाचित गोळ्यांनी जाण्यासारखा असतो.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळ हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले आणि बंद पेटी उघडली. आता नांदेड-लातूरला ही यंत्रे आहेत. पण मुखेडच्या खेड्यातून तेथवर कोणाला पाठवायचे, हे अजूनही सांगण्या-ऐकण्यावरच ठरते. बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते; भारतात मेंदूच्या गाठी वर्षाला लाखात पाच ते दहा जणांना होतात. मात्र मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रम लागतो, आणि मूल दिवसाचे पाच-सहा तास शिक्षकासमोर असते. सकाळी वाढणारी डोकेदुखी व ओकारी, एकाएकी बिघडलेले अक्षर, मान एका बाजूला कलती ठेवणे, चालताना झोक जाणे, दोन-दोन दिसणे, फिट प्रथम कोणत्या हातात वा गालात सुरू झाली: यांपैकी जे दिसले ते तारखेसह कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावे. बेनेट यांच्याजवळ 1884 साली याहून अधिक काही नव्हते.