लागेल तितके, लागेल तोपर्यंत

आपल्या मंडळाच्या उत्सवाचा जमाखर्च लिहिताना एक गोष्ट आमच्या दरवर्षी ध्यानात येते. देणगी मिळवणे अवघड हे खरेच, पण मिळालेली देणगी ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात नेऊन ठेवणे त्याहून अवघड. महाप्रसादाचा तांदूळ एखादा सभासद एका फोनवर पाठवून देतो. तो निवडायला, शिजवायला आणि शेवटच्या पंगतीपर्यंत पुरवून वाढायला मात्र तीस माणसे लागतात. पावती पहिल्याच्या नावाने फाटते, तीस माणसांच्या नावाने नाही. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा अशाच एका फार मोठ्या देणगीचा इतिहास सांगावा असे मनात आले. ही देणगी पैशांची नसून गोळ्यांची आहे, आणि ती सुरू होऊन पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यातली जमीन सुपीक आहे. तरीही पन्नास-साठ वर्षांपूर्वी नदीकाठची गावेच्या गावे ओस पडलेली होती. लोक पाण्यापासून दूर, खडकाळ माळावर जाऊन राहत. कारण होती एक लहानशी काळी माशी. ही माशी वेगाने वाहणाऱ्या पाण्यात अंडी घालते, दिवसा चावते, आणि चावताना एका कृमीची पिल्ले माणसाच्या अंगात सोडते. पूर्ण वाढलेला कृमी कातडीखाली गाठ करून दहा-पंधरा वर्षे जगतो. मादी रोज असंख्य सूक्ष्म पिल्ले सोडते. ती कातडीतून फिरतात तेव्हा माणूस खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतो, आणि डोळ्यात शिरून मरतात तेव्हा हळूहळू दृष्टी जाते. वैद्यकातले नाव ऑन्कोसर्कायसिस, पण जगभर या रोगाला नदीकाठचे आंधळेपण असेच म्हणतात. काही गावांत चाळिशीपुढचे निम्मे पुरुष आंधळे झालेले होते. काठीचे एक टोक आंधळ्याच्या हातात, दुसरे एखाद्या पोराच्या हातात आणि ते पोर पुढे चालते आहे, हे तिथले रोजचे दृश्य. पोराला शाळा नाही, आणि पुढे त्याचीही दृष्टी जायची ती जायचीच.

जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा १९७२ मध्ये अप्पर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, गेले आणि त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. १९७४ पासून हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारण्याची मोहीम सुरू झाली. कृमी म्हातारा होऊन मरेपर्यंत माशी वाढू द्यायची नाही, असा तो हिशेब होता. पण ज्यांच्या अंगात कृमी आधीच होता त्यांना देण्यासारखे औषध नव्हते. जी दोन होती त्यांतले एक विषारी आणि दुसऱ्याने इतकी भयंकर प्रतिक्रिया येई की डोळे वाचण्याऐवजी जायचे. हे दुसरे म्हणजे डीईसी. ते अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्याकडे हत्तीपायावर आजही डीईसीच देतात. तिकडच्या या रोगाला मात्र ते चालेना.

याच सुमारास जपानमध्ये सातोशी ओमुरा नावाचे संशोधक ठिकठिकाणची माती पिशव्यांत भरून आणत आणि त्यातले जंतू वेगळे करत. टोकियोच्या कितासातो संस्थेचा मर्क या अमेरिकन औषध कंपनीशी १९७३ मध्ये करार झाला होता. कावाना येथील गोल्फ मैदानाजवळच्या मातीत ओमुरांना जो जंतू मिळाला तो मर्कच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत विल्यम कॅम्पबेल या आयरिश शास्त्रज्ञाकडे गेला. कृमी झालेल्या उंदरांना त्याचा अर्क दिला, तर कृमी साफ. त्यावर काम करून जे औषध झाले ते आयव्हरमेक्टिन. १९८१ पासून ते गायी, मेंढ्या, घोडे यांच्यासाठी बाजारात आले आणि कंपनीने त्यावर भरपूर पैसा मिळवला. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले, त्यामुळे त्यांची नावे आता पुस्तकांत आहेत.

डॉ. मोहम्मद अझीझ यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. हे गृहस्थ आजच्या बांगलादेशातले, मर्कमध्ये नोकरीला. घोड्यांच्या अंगात याच जातीच्या कृमीची पिल्ले या औषधाने मरतात असे दिसल्यावर माणसांवर प्रयोग करावा असे कॅम्पबेल यांनी १९७८ मध्ये सुचवले. ती चाचणी अझीझ यांनी १९८१ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरात उभी केली. अगदी लहान मात्रेपासून सुरुवात केली, कारण डोळ्याला इजा झाली असती तर सारेच संपले असते. एका मात्रेने कातडीतली पिल्ले जवळजवळ नाहीशी झाली आणि रोग्याला फार त्रासही झाला नाही. मोठा कृमी मात्र मरत नव्हता. म्हणजे तो आपल्या मरणाने मरेपर्यंत, दहा-पंधरा वर्षे, दरसाल औषध देत राहायला हवे. अझीझ १९८७ मध्ये वारले.

त्याच वर्षी फ्रान्सने औषधाला मंजुरी दिली, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. औषध सिद्ध, रोगी लाखोंनी, आणि विकत घेणारा एकही नाही. कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी अमेरिकन सरकारच्या मदत खात्याकडे खेटे घातले, इतरांकडेही विचारणा केली. सगळ्यांनी कौतुक केले, पैसे कुणी दिले नाहीत. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या आम्हाला यात नवल वाटले नाही. प्रस्ताव स्तुत्य आहे, तथापि निधी उपलब्ध नाही, हे वाक्य बहुधा सगळ्या देशांत सारखेच लिहितात. कंपनीच्या आतही विरोध होता. एकदा फुकट दिले की पुढे प्रत्येक औषध फुकट मागतील, मग गरिबांच्या रोगांवर संशोधन कोण करील, असा तो मुद्दा. तो अगदीच चुकीचा होता असे आम्हाला वाटत नाही.

व्हॅगेलोस हे ग्रीसमधून आलेल्या कुटुंबातले. त्यांच्या आईवडिलांची रॉवे गावात लहानशी खाणावळ होती, तिथे मर्कमधले शास्त्रज्ञ जेवायला येत. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि त्याच कंपनीचा मुख्य झाला. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांनी जाहीर केले की नदीकाठच्या आंधळेपणासाठी हे औषध, ज्याला हवे त्याला, लागेल तितके आणि लागेल तोपर्यंत फुकट दिले जाईल. मुदत नाही, कमाल मर्यादा नाही. असा खुला कागद कुठल्या संचालक मंडळाने लिहून दिल्याचे आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत अशा दानावर करात सवलत मिळते आणि ती मर्कला मिळाली. याच कंपनीचे व्हायॉक्स हे सांधेदुखीचे औषध २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घ्यावे लागले, आणि दावे मिटवायला पुढे ४८५ कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हा कंपनीला संत ठरवायचे कारण नाही. पण करसवलतीसाठी दान केले असेही म्हणता येत नाही, कारण तेवढ्यासाठी कुणी मुदतीशिवाय शब्द देत नाही.

आता तांदळाचे वाढणे. गोळ्या बंदरात उतरल्या, पुढे? रस्ता नाही, दवाखाना नाही, वजनकाटा नाही. वाटपाची व्यवस्था १९८८ मध्ये अटलांटातल्या एका संस्थेकडे सोपवली गेली. तिचे प्रमुख होते डॉ. विल्यम फेगे, ज्यांनी आपल्या देशात देवीच्या शेवटच्या मोहिमेत काम केले होते. देवी १९७५ मध्ये भारतातून गेली, तो अनुभव इथे कामी आला. सुरुवातीला आरोग्य पथके गाडी घेऊन गावोगाव फिरली, पण ते महाग पडले आणि पोहोच अपुरी राहिली. १९९५ पासून मग वेगळीच रीत धरली. वाटप कोणत्या महिन्यात करायचे हे गावाने ठरवायचे, वाटणारा माणूसही गावानेच निवडायचा. वजनकाट्याऐवजी खुणा केलेली एक काठी. ९० सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला औषध नाही, ११९ पर्यंत एक गोळी, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्यापुढे चार. गरोदर बाईला आणि फार आजाऱ्याला नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही हे बिनचूक करू शकतो. आम्ही पदविकेला मोजमापाची पुष्कळ यंत्रे शिकलो, पण या काठीइतके नेमके साधन क्वचितच पाहिले.

लोकांनी गोळ्या घेतल्या त्याचे एक कारण गमतीचे आहे. डोळे वाचतात हे दिसायला दहा वर्षे लागतात, पण पोटातले जंत पडतात, खाज थांबते आणि उवा मरतात ते आठवड्याभरात दिसते. आपल्याकडे पन्ना-छतरपूरच्या बाजूला हत्तीपायाच्या गोळ्या वाटतात तेव्हा ‘जेवून घेतो’ म्हणून गोळी खिशात टाकणारे पुष्कळ भेटतात. म्हणून समोरच गिळायला लावा असा नियम आहे. धडधाकट माणसाला औषध खायला लावणे कुठेही कठीणच.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. मध्य आफ्रिकेत लोआ नावाचा दुसरा एक कृमी आहे. तो ज्यांच्या रक्तात फार, त्यांच्यापैकी काहींना या औषधाने मेंदूपर्यंत गंभीर त्रास झाला, काही दगावले. तिथे काम अजून जपून चालते.

मर्कच्या मागोमाग इतर कंपन्याही आल्या. १९९८ मध्ये हत्तीपायासाठी स्मिथक्लाइन बीचमने अल्बेंडाझोल देऊ केले, आणि हत्तीपाय व नदीकाठचे आंधळेपण एकत्र आहेत त्या आफ्रिकी देशांसाठी मर्कने आपला शब्द वाढवला. कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटे २००० पासून नोव्हार्टिसने जगाला मोफत दिली. आपल्याकडे आयव्हरमेक्टिन हत्तीपायाच्या तिहेरी औषधात आले ते अलीकडे. त्याचा पहिला वापर झालेल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होते, २०१९ मध्ये.

जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात एक पुतळा आहे. पुढे पोर, मध्ये काठी, मागे आंधळा म्हातारा. तसाच पुतळा मर्कच्या कचेरीत आहे, तसाच वागाडुगूलाही. अझीझ यांचा किंवा उंची मोजणाऱ्या गावकऱ्याचा त्यात समावेश नाही. फवारणीची मोहीम २००२ मध्ये संपली तेव्हा सहा लाख माणसे आंधळी होण्यापासून वाचली आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्याजोगी झाली असा हिशेब झाला. अमेरिका खंडातले कोलंबिया २०१३ मध्ये रोगमुक्त ठरले, मग इक्वाडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला. आफ्रिकेतला पहिला देश ठरायला २०२५ चा जानेवारी उजाडला. तो नायजर. शेजारच्या नायजेरियात काही राज्यांत गोळ्या थांबल्या आहेत. बाकीच्या गावांत ती खुणांची काठी अजून दरसाल बाहेर निघते आणि मोफत गोळ्यांचे डबे उघडतात.