देगलूरचे न्हाणे आणि जोजवणे

‘जोजवणे’ हे मराठी क्रियापद ‘जो जो’ या ध्वनीवरून आले. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, देगलूरच्या पुढे, थोड्याच अंतरावर भाषा बदलते. हा ध्वनी मात्र बदलत नाही. मदनूरकडच्या तेलुगू घरात अंगाईला ‘जोल’ म्हणतात, औरादकडच्या कानडी घरात ‘जोगुळ’, आणि लेकराला झोका देताना दोन्हीकडे ओठांवर ‘जो जो’च येते. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली आणि नांदेड, बीदर, निजामाबाद हे शेजारी जिल्हे तीन राज्यांत गेले. लिंगायत, पद्मशाली, कोमटी अशा समाजांची सोयरीक त्यानंतरही सीमेपलीकडे होत राहिली. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने एका भाषेच्या आजीने न्हाऊ घातलेले लेकरू दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या भाषेच्या घरी जाई. बाळाच्या संगोपनाची पद्धत या भागात सारखी दिसते, त्याचे मोठे कारण हे आहे.

या संगोपनाचा कणा म्हणजे न्हाणे. न्हाऊ घालणारी बाई न्हाणीत पाटावर बसते, पाय लांब पसरते आणि बाळाला दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत आधी पालथे, मग उताणे झोपवते. मराठवाडा हा करडईचा प्रदेश, त्यामुळे कोकणात जे काम खोबरेल करते ते इथे पूर्वापार घाण्याचे करडई तेल किंवा तिळाचे तेल करीत आले. तेल कोमट करून छाती, पाठ, हातपाय चोळायचे. हात आणि पाय तिरके जुळवून हलकेच ताणायचे. मग डाळीचे पीठ, हळद आणि साय लावायची. पाणी हंड्यातले, ऊन, बहुधा कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेले. ते कोपरावर घेऊन पाहिल्याशिवाय बाळाच्या अंगावर जात नसे. शेवटी एक तांब्या दृष्टीचा. बाळ आधी रडते आणि मग दुपारपर्यंत गाढ झोपते. त्या झोपेत आईला विश्रांती मिळे, आणि ओल्या बाळंतिणीसाठी ही विश्रांती अमोल होती.

न्हाण्यानंतर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकून धुरी दिली जाई. टाळूवर तेल घालून ती ‘भरली’ जाई. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरून येते, पण रोज तिथे बोटे ठेवणाऱ्या आजीला बाळ सुकले आहे का, हे खोल गेलेल्या टाळूवरून आधी कळे. मग जुन्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात घट्ट गुंडाळणे, डोक्याला कुंची, कपाळाला तीट.

घुटी हे वेगळेच शास्त्र होते. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम हे जिन्नस आईच्या दुधात किंवा पाण्यात सहाणेवर उगाळायचे. मात्रा वजनाने नव्हे, तर वळशांनी मोजली जाई. पोट दुखत असेल तर मुरुडशेंगेचा एक वळसा जास्त, झोप लागत नसेल तर जायफळाचा. औषध चाटवण्याची ही परंपरा जुनी आहे. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत ‘लेहन’ या नावाने तिचा स्वतंत्र विचार आहे. झोपेच्या गरजेची एक काळी बाजू मुंबईत दिसली. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळगोळ्या’ दिल्या जात असल्याचे आढळले. त्याला कारण आयांचा निष्ठुरपणा नव्हता. बारा-बारा तास घराबाहेर असलेल्या बाईपुढे दुसरा इलाज नव्हता.

शेतावर जाणाऱ्या बाईने यावर काढलेला मार्ग म्हणजे झोळी. बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला लुगडे बांधून केलेली झोळी बाळाला तिन्ही बाजूंनी लपेटून घेते. येता-जाता कोणीही तिला झोका देई. घरात तीच झोळी तुळईला टांगलेली असे. लाकडी पाळणा ऐपतवाल्यांकडे. पहाटे आई जात्यावर बसली की बाळ तिच्या मांडीवर असे, आणि जात्याची घरघर, अंगाची लय व ओवीचा सूर यांतच ते झोपी जाई. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यावर बायकांचे कष्ट वाचले, पण ही पहाटेची अंगाईही थांबली.

या सगळ्या कामातले पहिले हात सुईणीचे. मराठवाड्यातल्या गावांत सुईणपण बहुधा मातंग आणि नाभिक समाजांतल्या बायकांकडे होते. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, खण, नारळ, कधी लुगडे. जिच्या हातात बाळाने पहिला श्वास घेतला, ती मातंग असली, तर तिलाच सोयर फिटल्यावर उंबऱ्याबाहेर उभे केले जाई. बाळंतपणाच्या गोड आठवणींत हा अन्याय बहुधा सांगितलाच जात नाही.

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते; त्या रात्री ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी समजूत आहे. सटवाई म्हणजे षष्ठी, आणि बाणभट्टाच्या ७ व्या शतकातल्या ‘कादंबरी’तही सूतिकागृहात षष्ठीदेवी आहे. मुसलमान घरांत सहाव्या दिवसाची ‘छटी’ आणि ४० दिवसांचा चिल्ला पाळतात. पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक बाळे दगावत, हे ध्यानात घेतले की या दिवसांभोवती एवढी राखण का, ते उमगते. बाराव्या दिवशी बारसे. त्यात कुंची घातलेला वरवंटाही बाळाबरोबर पाळण्याखालून-वरून फिरवतात.

बदल दवाखान्यातून आला. १९७५ साली अंगणवाडी योजना सुरू झाली, २००५ पासून आशा कार्यकर्ती गावात आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली होती. २०११ पासून तीच देशभर लागू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी पाहते. पूर्वी चिकाचे दूध पिळून टाकून बाळाला गूळपाणी देत; आता जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला आणि सहा महिने वरचे काही, घुटीसुद्धा, न द्यायला सांगितले जाते. पहिले न्हाणे लांबले, काजळ आणि धुरी मागे पडली. चोळणे आणि ऊन पाणी राहिले. दवाखान्यातून घरी आल्यावर न्हाऊ घालणाऱ्या बाईला निरोप जातो, आणि सव्वा महिना ती रोज सकाळी येते.