लहरींवरचा हक्क

एखाद्या जिल्ह्यात तणाव वाढला की तिथले मोबाईल इंटरनेट बंद होते आणि त्याबरोबर चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, अफवा थांबल्या, बरे झाले. कुणी म्हणते, दुकानातले पैसे अडकले, मुलांचे अर्ज राहिले, हा काय कारभार? दोन्ही बाजू आजच्या दिवसापुरते बोलतात. पण ज्या अधिकाराने हे इंटरनेट बंद होते, तो मोबाईलच्या आणि संगणकाच्याच काय, रेडिओच्याही आधीचा आहे. त्याचा माग काढायचा तर आपल्याला तारायंत्राच्या खांबांपर्यंत मागे जावे लागते.

विल्यम ओ'शॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. त्याच्या देखरेखीखाली १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारेची पहिली प्रायोगिक लाइन टाकली गेली. चारच वर्षांत आग्र्यामार्गे मुंबई आणि कलकत्ता तारेने जोडली गेली, आणि त्याच १८५४ साली तारेवरचा एकाधिकार सरकारकडे ठेवणारा कायदाही आला. तीन वर्षांनी मे महिन्यात मेरठचे शिपाई दिल्लीत पोहोचले, तेव्हा दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला गेलेल्या संदेशाने पंजाबातली गोरी फौज सावध झाली. तार कुणाच्या हातात आहे यावर राज्य टिकते, हा धडा इंग्रजांनी तिथे घेतला. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात तो स्पष्ट दिसतो. चौथ्या कलमाने तार उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य हक्क सरकारचा ठरला. इतरांनी परवाना मागायचा. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण देऊन संदेश अडवण्याची, उघडून पाहण्याची मुभा सरकारला मिळाली. ही दोन कलमे आपण लक्षात ठेवू, कारण यापुढची सगळी वाट त्यांच्यावरूनच जाते.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती, पण ती सरकारच्या परवान्यावर चालत होती. श्रोत्यांनाही वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. एवढी रक्कम देणारी घरे देशभरात जेमतेम आठ हजार निघाली आणि कंपनी १९३० च्या मार्चमध्ये बुडाली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. १९३६ मध्ये त्या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. दरम्यान १९३३ च्या बिनतारी कायद्याने विनापरवाना रेडिओ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. म्हणजे बोलण्यावर तर बंधन होतेच, सरकारी कागदाशिवाय ऐकणे हाही आता गुन्हा झाला. पोस्टात रांग लावायची, फी भरायची, पुस्तिकेत तिकीट डकवून त्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. हा रिवाज स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि १९८० च्या दशकात बंद झाला. घरातल्या संदुकीत रेशनकार्डाशेजारी ही पुस्तिका जपून ठेवणारी पिढी आजही आपल्यात आहे.

या हक्काला सरळ आव्हान मिळाले ते मुंबईतच. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक या इमारतीतून त्या इमारतीत हलवला जाई. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरमध्ये काय अत्याचार झाले, हे छापण्याची ज्या काळात सोय नव्हती, त्या काळात ते या केंद्राने सांगितले. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. या देशात लोकांच्या मालकीचा रेडिओ कधी होता का, असे कुणी विचारले तर या अडीच महिन्यांकडे बोट दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्य आले, पण कलमे तशीच राहिली. उलट १९६१ च्या दुरुस्तीने तारेची व्याख्या एवढी रुंदावली, की चिन्हे, लिखाण, चित्रे, ध्वनी आणि कोणत्याही स्वरूपाची माहिती वाहून नेणारे साधन तिच्यात बसले. इंटरनेट अजून जन्मायचे होते. त्याच्यासाठी जागा मात्र करून ठेवली गेली. या दुरुस्तीच्या आधीही, हक्क सरकारच्या हाती राहिल्याने, नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करू शकले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

खरे वळण आले ते क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेचे प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनने हरकत घेतली, १८८५ चा कायदा पुढे करण्यात आला, आणि परदेशातून आलेली यंत्रे मुंबईच्या कस्टम्सने अडवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट म्हटले, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्या नियमनासाठी सरकारने स्वतंत्र, स्वायत्त आणि समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व करणारे प्राधिकरण नेमावे. सावंत मूळचे मुंबई उच्च न्यायालयातले. माध्यमांच्या स्वातंत्र्यावर मराठी माणसाच्या हातून लिहिला गेलेला याहून मोठा दस्तऐवज मला माहीत नाही.

त्या निकालाचे अर्धे फळ आपल्याला मिळाले. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली, २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा मार्ग मोकळा झाला, आणि साताऱ्यातल्या म्हसवडसारख्या ठिकाणाहून माणदेशी बोली ऐकू येऊ लागली. पण खासगी एफएमला परवाने देताना स्वतःच्या बातम्यांची मनाई घातली गेली. रस्त्यातली कोंडी सांगा, हवामान सांगा, परीक्षांचे निकाल सांगा. बातमी मात्र आकाशवाणीचीच पुन्हा ऐकवा. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चालतात, मग हीच अट का? कारण रेडिओ सर्वांत स्वस्त आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही पोहोचतो. शंभरेक वर्षांपूर्वीची भीती इथे जिवंत आहे.

जुलै २०१३ मध्ये देशातली तार सेवा बंद झाली. तारेचा कायदा मात्र बंद झाला नाही. चार वर्षांनी त्याच्याच पाचव्या कलमाच्या आधारे दूरसंचार सेवा तात्पुरती स्थगित करण्याचे नियम निघाले, आणि त्यांच्या नावातही सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता हेच शब्द होते. डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा मंजूर झाला. सेवा थांबवण्याचा अधिकार त्यातही आहे, तीच दोन कारणे देऊन. लहरींची मालकी केंद्र सरकारकडे, मात्र ती लोकांच्या वतीने, असेही हा कायदा म्हणतो. लोकांच्या वतीने ती मालकी सांभाळण्यासाठी न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलेले स्वायत्त प्राधिकरण मात्र अजून नेमले गेलेले नाही.