आनंदाचा रेणू आणि बसमधली पाच किलो चरस

कानात हेडफोन नीट लावा, कारण आजची गोष्ट सुरू होते एका बसमध्ये.

साल १९६० च्या दशकातलं. देश इस्रायल. राफाएल मेशुलाम नावाचा तिशीतला रसायनशास्त्रज्ञ तेल अवीवहून रेहोवोतला निघालाय. मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीत पाच किलो चरस. चोरीची नाही हं! पोलिसांनी जप्त केलेली, आणि पोलिसांनीच संशोधनासाठी दिलेली. बसमधले लोक मात्र नाक वर करून एकमेकांना विचारतायत, हा कसला वास येतोय?

मेशुलामचा प्रश्न साधा होता. अफूतून मॉर्फिन वेगळं काढून दीडशेहून जास्त वर्षं झाली होती, कोकेनही शंभर वर्षांपूर्वीच वेगळं काढलेलं. मग भांग-गांजामध्ये नशा आणणारं नेमकं काय आहे, हे अजून कुणालाच नीट का माहीत नाही? १९६४ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी येहिएल गाओनी याने उत्तर शोधलं. टीएचसी.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. टीएचसी मेंदूवर काम करतं म्हणजे मेंदूत त्याच्या मापाचं काहीतरी असणार. किल्ली सापडली, मग कुलूप कुठाय? ते सापडायला १९८८ साल उजाडलं. अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि तिचा विद्यार्थी विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत ते कुलूप, म्हणजे रिसेप्टर, दाखवून दिला. आज त्याला सीबी-१ म्हणतात.

पण थांबा. निसर्गाने आपल्या मेंदूत कुलूप बसवलं ते काय कुणीतरी गांजा ओढेल म्हणून? शक्यच नाही. म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणार. डिव्हेन जेरुसलेमला मेशुलामकडे गेला, चेक शास्त्रज्ञ लुमीर हानुश सोबत होता, आणि १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून त्यांनी ती किल्ली काढली. नाव काय ठेवलं? आनंदामाइड. हो, आपला ‘आनंद’च! संस्कृतातला शब्द, पुढे रसायनशास्त्रातला ‘अमाइड’. तीन वर्षांनी दुसरा रेणू मिळाला, टू-एजी. या सगळ्या यंत्रणेला म्हणतात एंडोकॅनाबिनॉइड सिस्टीम. ‘एंडो’ म्हणजे आतलं, शरीराचं स्वतःचं.

ही यंत्रणा करते काय? मेंदूत एक पेशी दुसरीला संदेश देते. संदेशांचा मारा जास्त झाला, की ऐकणारी पेशी हे रेणू तिथल्या तिथे बनवते आणि उलट्या दिशेने पाठवते, जणू म्हणते, ‘बास, जरा हळू.’ काम झालं की रेणू लगेच मोडले जातात. भूक, झोप, वेदना, भीती, मूड, सगळीकडे हा हळू आवाजातला ‘बास’ चालू असतो. गांजा आणि यात फरक हाच. टीएचसी जागा बघत नाही, वेळ बघत नाही. मेंदूभर एकदम पसरतं आणि तासन्‌तास हलत नाही.

आता आजकाल रील्समध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं, ‘ही सिस्टीम बूस्ट करा.’ गोळी घ्या, तेल घ्या, पावडर घ्या. म्हणून इतिहासातली पुढची दोन पानं मुद्दाम सांगतो.

पहिलं पान. गांजाने भूक लागते ना? मग सीबी-१ बंद केला तर भूक कमी होईल, लोक बारीक होतील. कल्पना झकास होती. रिमोनाबंट नावाची गोळी २००६ मध्ये युरोपात मंजूर झाली. वजन खरंच उतरत होतं. पण माणसं उदास होऊ लागली, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये युरोपात विक्री थांबली. गोळी भारतातही आली होती, इथे २००९ मध्ये बंदी आली. भूक दाबायला गेले आणि आनंदच दाबला गेला.

दुसरं पान उलट्या दिशेचं. आनंदामाइड मोडणारं एन्झाइम बंद करायचं, म्हणजे आनंदामाइड वाढेल. जानेवारी २०१६, फ्रान्समधलं रेन शहर. अशा एका नव्या औषधाच्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक हॉस्पिटलमध्ये गेले, एक जण दगावला. त्या औषधाने शरीरातल्या इतर प्रथिनांनाही धक्का दिला असावा, असं पुढच्या संशोधनात दिसलं. म्हणजे दोष फक्त आनंदामाइड वाढवण्याचा नव्हता. पण धडा राहतोच. हा रेडिओचा व्हॉल्यूम नाही, की बटण फिरवलं आणि झालं.

मग आपल्या हातात काय? तीन गोष्टी.

एक, पळणं. पळून झाल्यावर छान वाटतं, त्याचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिनला दिलं जायचं. २००३ मध्ये अमेरिकेत तरुणांना ट्रेडमिल आणि सायकलवर घाम गाळायला लावला, तर रक्तात आनंदामाइड वाढलेलं निघालं. २०२१ मध्ये जर्मनीत धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध दिलं, तरी छान वाटणं गेलं नाही. आणखी एका प्रयोगात रमतगमत चालून फरक पडला नाही, जीव खाऊन पळूनही नाही. मधल्या वेगाने पडला. म्हणजे दम लागतो, पण तुटक वाक्यात बोलता येतं, तो वेग.

दोन, झोप. शिकागोत २०१६ मध्ये चौदा तरुणांना चार रात्री फक्त साडेचार तास झोपू दिलं. दुपारनंतर त्यांच्या रक्तातलं टू-एजी नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि संध्याकाळपर्यंत चढंच राहिलं. दोनच तासांपूर्वी पोटभर जेवण झालेलं, तरी चिप्स-बिस्किटं समोर आल्यावर हात आवरेना. रात्री दोनपर्यंत स्क्रोल करून दुसऱ्या दिवशी वडापाववर तुटून पडता ना? तो फक्त तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही, मित्रांनो. आणि हेही बघा, इथे रेणू ‘बूस्ट’च झालाय, पण फायदा काय झाला?

तीन, ताट. हे रेणू बनतात चरबीपासून, ओमेगा-६ गटातल्या. उंदरांच्या खाण्यात ओमेगा-६ फार वाढवलं तेव्हा हे रेणू वाढले आणि उंदीर लठ्ठ झाले. यावरून लगेच ‘आजीचं तेल चांगलं, दुकानातलं वाईट’ म्हणू नका. आपल्या आजीच्या घाण्यावरच्या करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असतं, आणि योग्य प्रमाणात ते हृदयाला चांगलंच असतं. कमी पडतं ते बहुधा ओमेगा-३. त्यासाठी जवसाची चटणी आहे, बांगडा आहे, तारली आहे. मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलिन या यंत्रणेच्या दुसऱ्या रिसेप्टरला, सीबी-२ ला, चिकटतं हे २००८ मध्ये दिसलं. पण परिणाम पाहिले ते उंदरांवर, शुद्ध अर्क देऊन. मिरी चवीसाठी घाला, औषध म्हणून नको.

मेशुलाम २०२३ मध्ये बाण्णवव्या वर्षी गेले. बसमधल्या त्या पिशवीपासून साठ वर्षांत हाती आलेली गोष्ट ही, की आनंदाची किल्ली शरीर स्वतःच घडवतं, हवी तेव्हा, हवी तेवढी. आपण तिला कच्चा माल द्यायचा, झोप द्यायची, पाय हलवायचे आणि तिच्या कामात लुडबुड करायची नाही. ज्यांची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, त्यांनी मात्र पळण्यावर आणि चटणीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एपिसोड रात्री ऐकत असाल तर पुढचा लगेच लावू नका. फोन ठेवा, झोपा. पुढचा भाग कुठे पळून जात नाही!