‘जांगल’ शब्दाचा अर्थ व देशावरील माळरानें

चरकसंहितेच्या कल्पस्थानांत पहिल्याच अध्यायीं भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप व साधारण. पैकीं ‘जांगल’ म्हणजे अरण्यमय प्रदेश, असा अर्थ आम्ही अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. तो अर्थ चुकीचा होता. मराठींतील ‘जंगल’ शब्द कानांत घर करून बसल्यामुळें मूळ वर्णन आम्हीं लक्ष देऊन वाचलेंच नव्हतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

वर्णन असें आहे. जांगल देश बहुतांशीं मोकळ्या आकाशाचा, त्यांत खैर, धावडा, बोर, टेंभुरणी, शमी असे वृक्ष, भूमि खरखरीत व रेताड, जीवर मृगजळ पसरलेलें दिसावें, पक्षी लाव, तित्तिर व चकोर, माणसें कणखर. हें दाट झाडीचें वर्णन नव्हे. हीच यादी हातीं घेऊन कोणीं बारामती-दौंडकडील माळावर उभें राहावें, म्हणजे ग्रंथ व भूमि यांची गांठ पडते. ताड-माड, केळी व पाण्याची रेलचेल असलेला तो आनूप. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें जांगल देशीं वस्ती करावी असें सांगितलें आहे. तेथें टीकाकार कुल्लूकभट्ट हा जांगल म्हणजे थोडें पाणी, थोडें गवत, पुष्कळ वारा, पुष्कळ ऊन व विपुल धान्य असलेला देश, असेंच लक्षण देतो. शब्दाचा हा उलटा प्रवास फ्रान्सिस झिमरमन यांनीं १९८२ सालच्या आपल्या फ्रेंच ग्रंथांत विस्तारानें दाखविला आहे.

कौटिल्यानें तर पाऊस मोजून ठेविला. कोठारांत अरत्निभर तोंडाचें कुंड ठेवून पर्जन्य मोजावा असें तो सांगतो. आणि जांगलास सोळा द्रोण, आनूपास त्याच्या दीडपट, अवंतीस तेवीस, अपरान्तांत म्हणजे कोंकणांत अमित, अशीं मानें देतो. गोदेकडील अश्मक देशाचें मान ‘अर्धत्रयोदश’ असें आहे. शामशास्त्री यांच्या इंग्रजी भाषांतरांत हा आंकडा साडेतेरा पडला आहे. आमच्या मतें तो साडेबारा होय. ‘अर्धतृतीय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. आपला ‘अडीच’ शब्द त्यापासूनच निघाला आहे. मराठी पोराला जें पाठ असतें तें येथें कामीं येतें. कोणताहि आंकडा घेतला तरी अश्मकाचा पाऊस सामान्य जांगलाहूनहि कमीच ठरतो.

आरोग्याच्या दृष्टीनें पाहतां चरकानें सूत्रस्थानांत आरोग्यदायक देशांत मरुभूमि श्रेष्ठ व अहितकर देशांत आनूप अग्रगण्य मानिला आहे. वातपित्तकफांची उपपत्ति कोणास मान्य असो वा नसो, दलदलीच्या प्रदेशांत माणूस अधिक आजारी पडतो हें निरीक्षण खरें होतें. हिवताप डांसांमार्फत पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबादेस मिळाला तो १८९७ सालीं.

हा शब्दाचा काथ्याकूट कशास, असें कोणी विचारील. कारण असें कीं, देशावरील माळ म्हणजे तोडलेल्या अरण्याचा उरलेला सांगाडा, ही समजूत आजहि पुष्कळांची आहे. सरकारी दप्तरांत अशी जमीन ‘पडीक’ म्हणून चढते व तिच्यावर ग्लिरिसिडियासारखीं परदेशी झाडें लाविलीं जातात. मग काळवीट, लांडगा, तरस व माळढोक यांनीं जावें कोठें, आणि धनगरानें मेंढरें चारावींत कोठें? माळ मुळांतच माळ असेल तर त्यावर रान उठविणें हा उपचार नसून अपाय ठरतो.

या वादांत जुने मराठी ग्रंथ साक्षीस आले आहेत. २०२५ सालीं ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत महानुभावांच्या चरित्रग्रंथांपासून ओव्या-गाण्यांपर्यंतच्या साहित्यांतून पश्चिम महाराष्ट्रांतील ४४ रानवनस्पति निवडल्या आहेत. पैकीं २७ विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या आहेत. हिंवर व तरटी यांसारख्या कांटेरी वनस्पति त्यांतच येतात. पंढरपुरास विठ्ठलमंदिरांत कान्होपात्रेचें म्हणून जें झाड दाखवितात तें तरटीचेंच. यावरून हीं माळरानें निदान साडेसातशे वर्षांचीं जुनीं आहेत, असा निष्कर्ष निबंधकारांनीं काढिला आहे. अर्थात् त्याच यादींत १४ वनस्पति अरण्याच्याहि आहेत. ओढ्याकांठीं व डोंगरउतारावर झाडी होती व ती पुष्कळ तुटली, हें नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सर्व देश एकेकाळीं घनदाट अरण्य होता, या म्हणण्यास त्या पोथ्यांचा आधार मिळत नाहीं.

आणखी एक साधन अद्याप पुरतें तपासलें गेलेलें नाहीं. नरहरि पंडिताच्या राजनिघंटूंत वनस्पतींचीं कर्णाटक व महाराष्ट्र भाषांतील नांवें दिलीं आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो धन्वंतरीय निघंटूसह १८९६ सालीं छापला. तथापि वैद्यांच्या घरच्या हस्तलिखितांत समासावर मागाहून लिहिलेलीं देशी नांवें छापील प्रतींत कोठून येणार? पोथी शुद्ध करण्याच्या भरांत तीं लेखकप्रमाद समजून गाळलीं जातात. ज्यांच्या संग्रहीं अशा निघंटूंच्या प्रती असतील त्यांनीं समासांतील प्रत्येक नांव, पानाचा आंकडा, हात वेगळा दिसल्यास तसें, व पोथी कोणत्या गांवाहून आली तें, इतकें उतरून ठेवावें. गांवाचें नांव विशेषेंकरून. त्यावांचून तें झाड माळावरचें कीं ओढ्याकांठचें, हें ठरविणें कठीण.